बिननावाच्या वेलीचे नाव शोधताना

बागेच्या कडेच्या जाळीवर ही वेल आमच्या आधीपासून होती. ती कोणी लावली, कधी लावली, तिचे नाव काय, हे सांगणारे कोणी नव्हते आणि बुंध्याशी एखादी जुनी पाटीही सापडली नाही. हिवाळ्यात मी ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तपकिरी, साल सुटलेल्या काड्यांचा एक गुंता एवढेच तिचे रूप होते. वेल वाळून गेली असावी अशा समजुतीने मी दोन काड्या कापल्याही. मात्र दुसऱ्या काडीची साल नखाने खरवडल्यावर आत ओलसर हिरवा पदर दिसला आणि कात्री तिथेच थांबली. या वेलीची छाटणी कशी करायची हे ठरवण्यासाठी आधी ती कोण आहे हे कळायला हवे होते, आणि माझा सगळा शोध या गरजेतून सुरू झाला.

ती क्लेमॅटिस आहे, हे पाने फुटल्यावर लवकरच स्पष्ट झाले. प्रत्येक पेरावर पाने समोरासमोर येत होती, एक पान तीन किंवा पाच पर्णिकांचे होते, आणि वेलीला द्राक्षासारखे ताणे नव्हते की भिंतीला चिकटणारी मुळेही नव्हती. जाळीच्या तारेला विळखा घालत होते ते पानाचे देठच. ज्या देठाला तार सापडली होती, तो दोन-तीन दिवसांत तिच्याभोवती पूर्ण वेटोळे घालून घट्ट होई. ज्याला काहीच सापडले नव्हते, तो तसाच सरळ राही. क्लेमॅटिसच्या रानटी जातींना आपल्याकडे मोरवेल म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत या सगळ्या कुलालाच मोरवेल कुल असे नाव आहे. या कुलातील बहुतेक वनस्पतींची पाने एकाआड एक असतात, क्लेमॅटिसची मात्र समोरासमोर. त्यामुळे फूल नसतानाही ही एक खूण भरवशाची ठरते.

वंश कळला, तरी वाण कळायचा होता. क्लेमॅटिसच्या सुमारे 300 जाती आहेत आणि त्यांच्या संकरांतून तयार झालेले वाण काही हजारांच्या घरात जातात. फुले येताच मी सर्वांत सोपा मार्ग धरला आणि फोटोवरून झाड ओळखणाऱ्या ॲपला विचारले. सकाळी सावलीत काढलेल्या फोटोला त्याने एक नाव दिले, दुपारच्या उन्हातल्या फोटोला दुसरे, आणि चार दिवसांच्या जुन्या फुलाला तिसरे. याचे कारण रंगात आहे. जांभळा रंग कॅमेऱ्यात बरेचदा खऱ्यापेक्षा निळा उतरतो, आणि फूलही उमलल्या दिवशी जसे असते तसे आठवड्याने राहत नाही. उन्हाने त्याचा गडदपणा ओसरतो. वेलीबद्दल कोणाला विचारले की पहिला प्रश्न रंगाचाच येतो, पण ओळख पटवण्यासाठी रंगाइतकी फसवी खूण दुसरी नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

खरी मदत झाली ती एका साध्या दोऱ्याची. छाटणीच्या दृष्टीने क्लेमॅटिसचे तीन गट मानतात. पहिल्या गटातील वेली वसंताच्या आरंभी गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतात. मोंटाना आणि आल्पिना या जाती त्यांतल्या. दुसऱ्या गटात मोठ्या फुलांचे संकर येतात. त्यांचा पहिला बहर वसंत सरता सरता जुन्या काडीवरून निघालेल्या आखूड फुटव्यांवर येतो, आणि पुष्कळदा उन्हाळ्याच्या शेवटी नव्या फुटीवर दुसरा, थोडा विरळ बहर येतो. तिसरा गट उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढे, त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकाकडे फुलतो. म्हणजे फूल कोणत्या महिन्यात येते याइतकेच ते कोणत्या काडीवर येते हेही पाहायला हवे. म्हणून वसंतात डोळे फुगू लागताच मी त्या वर्षी छाटणी पूर्ण टाळली आणि जुनी काडी जिथे संपते व नवी फूट जिथे सुरू होते, तिथे दहा-बारा ठिकाणी पांढरा दोरा सैल बांधून ठेवला. हे आधी केले नसते, तर नंतर सांगता आले नसते, कारण उन्हाळ्यापर्यंत नवी फूट खालच्या बाजूने कडक आणि तपकिरी होऊ लागते आणि दोन्ही काड्या सारख्याच दिसतात.

वसंत सरला तरी एकही कळी आली नाही. तेवढ्यावरूनच पहिला गट बाद झाला आणि दुसऱ्याची शक्यताही बरीच कमी झाली. उन्हाळा निम्मा सरल्यावर कळ्या धरल्या, त्या सगळ्या दोऱ्यांच्या वर दीड-दोन मीटरवर, नव्या फुटीच्या टोकांना. जाळीच्या माथ्यावर फुलांचा ढीग आणि खाली उघडे सोट, हे वेलीचे रूप पाहून मनात शंका उरली नाही: वेल तिसऱ्या गटातली होती आणि तिची कित्येक वर्षे छाटणी झालेली नव्हती.

त्यानंतर मी फुलांकडे वळलो. क्लेमॅटिसला ज्या पाकळ्या म्हणतो, त्या खरे तर पाकळ्या नसून रंगीत निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले असतात. त्यांची संख्या हा वाण ओळखण्याचा एक आधार आहे. एक-दोन फुलांवरून मात्र ती ठरवू नये. मी 30 फुले मोजली: 17 फुलांना सहा, 8 फुलांना पाच आणि 5 फुलांना चार निदले होती. फुलाचा व्यास आठ सेंटिमीटरच्या आसपास होता आणि बहुतेक फुले तोंड किंचित खाली झुकवून होती. सर्वांत बोलकी खूण मधोमध होती. नुकत्याच उमललेल्या फुलातले परागकोश, म्हणजे केसरांच्या टोकाची परागांची पिशवी, भिंगाखाली मलईसारखे पिवळट दिसले आणि गडद जांभळ्या निदलांवर ते दुरूनही उठून दिसत होते. हे पाहायचे ते पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, कारण पराग झडल्यावर परागकोश मळकट तपकिरी होतात आणि मग कोणत्याही वाणाचे केसर दुसऱ्यासारखेच वाटतात. फुले व पाने तोडताना हातमोजे घालावेत, हेही सांगून ठेवतो. क्लेमॅटिसच्या रसाने त्वचेची आग होऊ शकते.

तिसऱ्या गटातल्या जांभळ्या वाणांपैकी ज्यांची नावे वारंवार समोर येत होती, ते मी एकेक करून तपासले. पहिला अर्थात जॅकमनाय. इंग्लंडमधील वोकिंग येथील जॅकमन यांच्या रोपवाटिकेत 1858 साली केलेल्या संकरातून तो निघाला आणि 1862 मध्ये प्रथम फुलला. त्याचे फूल याहून मोठे, बहुधा चार निदलांचे, आणि परागकोश हिरवट छटेचे असतात. जिप्सी क्वीन आणि पोलिश स्पिरिट या दोन्हींचे केसर गडद, लालसर जांभळ्याकडे झुकणारे असतात, त्यामुळे तेही गळले. द प्रेसिडेंट हे नाव ॲपने सुचवले होते, पण तो दुसऱ्या गटातला, आठ निदलांचा आणि वसंताच्या अखेरीस फुलणारा वाण आहे. उरला तो एत्वाल व्हायोलेत. फ्रान्समधील मोरेल यांनी 1885 मध्ये तयार केलेला हा वाण विटिसेला या क्लेमॅटिसच्या जातीपासून निघालेल्या संकरांपैकी आहे. तो चार ते सहा निदलांचा, मध्यम आकाराचा, किंचित झुकलेल्या फुलांचा आणि पिवळट केसरांचा असतो.

तरीही मी बिया येईपर्यंत थांबलो. अनेक क्लेमॅटिसच्या बियांना पिसासारखी लांब, रेशमी शेपटी असते आणि त्यांचे चांदीसारखे झुपके हिवाळ्यापर्यंत वेलीवर राहतात. विटिसेला जातीच्या बियांना मात्र तशी पिसे नसतात. शेपटी आखूड आणि उघडी असते. माझ्या वेलीवर जे थोडे फळ धरले, त्यातली एक चपटी बी तळहातावर घेतली, तर तिच्या टोकाला फक्त एक बारीक, वाकडी चोच होती. यावरून वाणाचे नाव सिद्ध होत नाही, पण वेलीचे घराणे विटिसेलाचे असल्याच्या अंदाजाला चांगला आधार मिळाला.

हिवाळा संपताना मी सगळ्या काड्या जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटरवर, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या लगेच वर कापल्या. वेलीने वसंतात बुंध्यापासून नवे फुटवे काढले आणि उन्हाळ्यात जाळी पायथ्यापासून माथ्यापर्यंत फुलली. बुंध्याशी आता एक पाटी आहे. तिच्यावर ‘बहुधा एत्वाल व्हायोलेत, विटिसेला, गट 3’ असे लिहिले आहे, आणि ‘बहुधा’ हा शब्द मी विचारपूर्वक ठेवला आहे, कारण याच वर्णनाशी जुळणारे इतर विटिसेला संकरही असू शकतात आणि खात्रीच्या रोपाशेजारी ही फुले ठेवून पाहण्याची संधी मला अजून मिळालेली नाही.