सलग नंबरच्या नोटा

२०१६ च्या नोटबंदीत मी एका बँकेत कॅश काउंटरला होते. ८ नोव्हेंबरला रात्री घोषणा झाली, ९ ला बँका बंद, आणि १० पासून जी गर्दी सुरू झाली ती विचारूच नका. १२ तारखेला दुसरा शनिवार, एरवी सुट्टी, पण त्या दिवशी बँका चालू ठेवल्या होत्या.

तेव्हा फॉर्म आणि ओळखपत्राची झेरॉक्स दिली की ४००० रुपयांपर्यंत नोटा बदलून मिळायच्या. बांधकामावरचा एक मुलगा आला, हाताला सिमेंट तसंच, आणि पाचशेच्या आठ नोटा एकदम करकरीत. मजुरी अशी मिळत नाही हो, रोज कॅश हाताळणाऱ्याला लगेच कळतं. नंबर बघितले तर सलग. मागच्या पोराच्या नोटा बरोबर त्याच्या पुढच्या नंबरपासून सुरू, तिसऱ्याचंही तेच. कुणीतरी बंडल फोडून पोरांना लायनीत उभं केलेलं, उघड दिसत होतं. मॅनेजर साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "फॉर्म बरोबर, आधार बरोबर, कुठल्या नियमाने नाही म्हणायचं?" खरंच नियम नव्हता, तोच माणूस परत येऊ नये म्हणून बोटाला शाई लावायचं नंतर आलं. दिल्या बदलून.

त्यांच्या मागे एक आजी होत्या. पाचशेच्या तीन नोटा, इतक्या बारीक घड्या घातलेल्या की मशीन घेईना, हातानेच उलगडल्या. द्यायचे १५०० आणि ड्रॉवरमध्ये फक्त दोन हजारच्या नव्या नोटा, शंभरच्या सकाळीच संपलेल्या, नवी पाचशेची अजून आलीच नव्हती. "अगं, माझेच पैसे ना हे?" असं विचारत होत्या त्या. उद्या या आजी, एवढंच म्हणता आलं मला, फार वाईट वाटलं.

काळा पैसा आणि खोट्या नोटा बाहेर काढायच्या हा उद्देश सांगितला होता, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की बाद केलेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या बँकांत परत आल्या, तेव्हा ऑफिसात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, कारण त्या कशा आल्या ते आम्ही काउंटरवर बघितलं होतं. मला राग आहे तो तयारीचा. चलनातल्या एकूण रकमेपैकी जवळपास ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद करणार हे ठरलेलं होतं, मग शंभरच्या नोटा आधी भरपूर पोचवायला काय हरकत होती, आणि नव्या दोन हजारच्या नोटेचा साइज वेगळा म्हणून एटीएमचे ट्रे बदलावे लागणार हेही माहीत असणारच ना.