अंगावर काढू नका

"हे सगळं तुम्ही सोसलंत तरी कसं?" कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळलं की त्याच्या घरचे मला फोन करतात आणि थोडं इकडचं तिकडचं झालं की हा प्रश्न येतोच. परवा भावासाठी तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

उत्तर ऐकून लोक जरा खट्टू होतात. मी सोसलं नाही. सुरुवातीला सोसून पाहिलं आणि तिथेच चुकलो.

फुप्फुसाच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात. गाठ आतल्या आत वाढत राहते आणि बाहेरच्या आवरणाला किंवा बरगडीला भिडली की मग दुखतं. माझं दुखायला लागलं तेव्हा चौथी स्टेज होती. त्याआधीचा खोकला मी दोन महिने अंगावर काढला होता. निदानानंतरही तेच चालू ठेवलं, आणि त्याचं कारण सांगायला आजही जड जातं. मी वीस वर्षं सिगारेट ओढली होती. सोडून नऊ वर्षं झाली होती खरी, पण डोक्यात एकच: आपणच ओढवून घेतलंय, आता कुरकुर कोणत्या तोंडानं करायची? डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं की मी "बरं आहे" म्हणायचो.

केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीत एक ताई असायच्या. त्यांनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता, तरी हाच आजार. त्या म्हणाल्या, "ओढत होतात का, असं सगळे विचारतात. मी नाही म्हटलं की कीव करतात, तुम्ही हो म्हटलं की करत नाहीत. मी हल्ली उत्तरच देत नाही." त्या दिवसापासून मीही देणं बंद केलं. भावालाही सांगा, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. (अजून ओढत असेल तर मात्र आज सोडू दे. निदानानंतर सोडल्यानेही फायदा होतो.)

दुसरी गोष्ट शिकवली एका काकांनी. त्यांच्याकडे एक वही असायची. "दहापैकी सात दुखतंय असं नुसतं सांगू नका," ते म्हणाले, "उताणं झोपता येत नाही, रात्री तीनदा उठून बसतो, असं सांगा." पुढच्या भेटीत मी तसं सांगितलं. वेदनेचं औषध त्याच दिवशी बदललं आणि मला पॅलिएटिव्ह विभागात, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या विभागात, पाठवलं.

तो शब्द ऐकून बायको रडायला लागली. तिला वाटलं, संपलं सगळं. असं बहुतेकांना वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुस-कॅन्सरचं नुकतंच निदान झालेले १५१ रुग्ण त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्यांच्या जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटात नैराश्य कमी होतं, दिवस बरे जात होते, आणि ते जास्त जगलेही: मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, पहिल्या गटाचं ८.९. हे आकडे तेव्हाचे आहेत. नंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, आली, जनुकं तपासून द्यायच्या नव्या गोळ्या आल्या. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका. त्रास कमी करून घेणं म्हणजे हार मानणं नव्हे, एवढंच त्यातून घ्या.

दम लागण्यावरचा इलाजही त्याच विभागात कळला. हातात मावणारा छोटा पंखा तोंडासमोर धरायचा, वारा नाकावर आणि गालांवर येईल असा. पुढे झुकून कोपरं गुडघ्यांवर टेकायची आणि ओठांचा चंबू करून, फुंकर घातल्यासारखा, श्वास सावकाश सोडायचा. श्वास घेण्याच्या दुप्पट वेळ सोडण्याला. मला आधी हसू आलं होतं. आता पंखा उशाशी असतो.

आणि ताप. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, दिसला की सकाळची वाट बघायची नाही आणि गोळी घेऊन तो दाबायचाही नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो. मी एकदा रात्रभर थांबलो. नंतर आठवडाभर सलाइनवर होतो आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

स्कॅन झाल्यावर रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांसाठी विचाराल तर माझ्याकडे युक्ती नाही. ते दिवस वाईटच जातात. मी त्या दिवसांत कपाटं आवरतो.

इम्युनोथेरपीत नवा खोकला किंवा जुलाब सुरू झाले, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटली असण्याची शक्यता असते, अगदी उपचार थांबवून काही महिने झाले असले तरी. गेल्या मंगळवारी रात्री मला खोकला आला आणि दहा मिनिटांत मी वॉर्डला फोन लावला. तपासलं तर साधी सर्दी निघाली. मी ओशाळून माफी मागायला लागलो, तर नर्सबाई म्हणाल्या, "तुमचा नंबर मला पाठ झालाय, काका. पुन्हा वाटलं तर पुन्हा करा."