गोन्सालोंच्या शेवटच्या वाटेवर

पाच फेब्रुवारीच्या सकाळी सात वाजता जपानमधल्या नागासाकीजवळच्या तोगित्सूच्या बंदरात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भाचा. ओमुराची खाडी तळ्यासारखी निपचित पडली होती. काठावर एक दगड उभा आहे, सव्वीस संत इथे उतरले असं सांगणारा. मी त्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, इतका तो गार होता. आमच्या वसईची थंडी स्वेटर घातला की जाते. ही हाडात शिरली होती.

४ फेब्रुवारी १५९७च्या रात्री ते सव्वीस ख्रिस्ती याच पाण्यावर होड्यांत बसून होते. दुसऱ्या दिवशी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर श्रद्धेपायी त्यांना क्रुसावर मारलं जाणार होतं. सोनोगीहून खाडी ओलांडून त्यांना इथे आणलं, पण रात्री उतरू दिलं नाही. क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांवरून धिंड काढली होती, आणि मग ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर त्यांना पश्चिमेकडे चालवत आणलं होतं. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करत मागोमाग चालणारे दोघे पहारेकऱ्यांनी पकडले आणि सव्वीस झाले. त्या सव्वीस जणांत एक वसईचा होता.

संत गोन्सालो गार्सिया. मी वसईतल्या गासची, आमच्या चर्चलाच त्यांचं नाव आहे. लहानपणापासून सणाला नवे कपडे, मिस्सा, पुतळ्याला हार, आजीच्या तोंडून ‘आपल्या वसईचा पोर’. किल्ल्यातल्या येशूच्या पवित्र नावाच्या पडक्या चर्चला आम्ही सरळ गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणतो, कारण लहानपणी ते तिथल्या येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे) शिकले. जन्म १५५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिलं आणि भारतात जन्मलेले पहिले संत आमच्या वसईचे ठरले. हे सगळं मी तीस वर्षं शाळेत पोरांना सांगितलं. पण पुतळ्यापुढे उभं राहून जे कळलं नव्हतं, ते तोगित्सू ते निशिझाका चालताना, या बारा किलोमीटरमध्ये कळलं.

भाचा फुकुओकात नोकरी करतो. जपानी त्याला चांगली येते, मला एक अक्षर येत नाही. आदल्या संध्याकाळी जेवताना, खोली घेताना, बसचं तिकीट काढताना मी त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि तो बोलायचा. समोरचा माणूस मात्र वाकून नमस्कार मला करायचा. निघताना मी म्हटलं, “तुला माझ्यापायी किती बोलावं लागतंय रे.”

तो म्हणाला, “आत्या, गोन्सालोंचं कामच हे होतं ना?”

मी चालता चालता थांबलेच. दुभाषा! हा शब्द मी शेकडो वेळा उच्चारला होता. पंधरा-सोळाव्या वर्षी ते जपानला आले, येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षण देत फिरले, भाषा इतकी आत्मसात केली की लोक त्यांना आपलं मानू लागले. पुढे व्यापारही केला, तो चांगला चालला, आणि तो सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपिन्सच्या गव्हर्नरांचे दूत म्हणून तोयोतोमी हिदेयोशीला भेटले, तेव्हा बोलणारी जीभ गोन्सालोंची होती. जपानच्या सत्ताधीशापुढे बसून दुसऱ्याचं म्हणणं, त्यात स्वतःचं काही न मिसळता, पोचवायचं. ब्रदर होते, धर्मगुरू नव्हते. वेदी त्यांची नव्हती, प्रवचन त्यांचं नव्हतं. ते इतरांचा आवाज होते.

रस्ता आता हमरस्ता आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, पेट्रोल पंप, शाळेत जाणारी पोरं. मिचिनो-ओचा चढ लागला तसे माझे गुडघे बोलू लागले. आम्ही जपमाळ सुरू केली, मराठीत, मोठ्याने. सायकलवरून जाणाऱ्या एका आजोबांनी वळून पाहिलं आणि मान झुकवली. आईने बांधून दिलेली सुकेळी आम्ही एका बाकावर बसून खाल्ली. आगाशीच्या केळ्यांचा तो वास त्या गार हवेत आला आणि मला एकदम रडू कोसळलं. या वाटेवरून चालताना त्यांना वसई आठवली असेल का? पंधराव्या वर्षी सुटलेलं गाव चाळिशीच्या माणसाला कसं आठवतं?

मला मात्र सगळ्यात जास्त छळलं ते त्या सव्वीस जणांतल्या तोमास कोझाकीने. चौदा वर्षांचा. त्याचे वडील मिगेलही त्याच दोरात बांधलेले. वाटेत मिहारा इथे त्याने आईला पत्र लिहिलं, की बाबांची आणि माझी काळजी करू नकोस, धाकट्या भावांना मात्र सांभाळ. ते पत्र आईला पोचलंच नाही. वडिलांच्या मृतदेहावरच्या कपड्यांत रक्ताने भिजलेलं सापडलं. नववीच्या वर्गातली पोरं माझ्या डोळ्यांपुढे यायला लागली, पेन्सिल चावणारी, खिडकीबाहेर बघणारी. त्याच्याहून लहान आणखी दोघे होते, अंतोनियो तेरा वर्षांचा, लुदोविको बारा. मी भाच्याला म्हटलं, दहा मिनिटं काही बोलू नकोस.

उराकामीत उतरलो तेव्हा ऊन आलं होतं. इथे कुष्ठरुग्णांसाठी सान लाझारो नावाचं रुग्णालय होतं. तिथे सव्वीस जणांना थोडा वेळ थांबवलं. येशूसंघाचे फादर पासियो यांना भेटू दिलं आणि सव्वीस जणांतल्या पावलो मिकींनी त्यांच्याकडे पापनिवेदन केलं. आम्हाला त्याची खूण दिसली नाही. खूण आहे ती एका वेगळ्याच दिवसाची, ९ ऑगस्ट १९४५ची. सान्नो देवळाची दगडी कमान एका खांबावर अर्धी उभी आहे, दुसरी बाजू अणुबॉम्बने नेली. दीडशे-दोनशे वर्षं नव्हे, अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपलेल्या लोकांची ही वस्ती, त्यांनी विटा रचून बांधलेलं कॅथेड्रल, सगळं एका क्षणात. आम्ही त्या कमानीखाली उभे राहिलो. तिथे मला कुठलीच प्रार्थना सुचली नाही.

तिथून निशिझाका फार लांब नाही. नागासाकी स्टेशनजवळची छोटीशी टेकडी, आणि वर ब्राँझचे सव्वीस जण एका ओळीत. शिल्पकार फुनाकोशी यांनी १९६२ मध्ये केलेलं हे शिल्प मी फोटोंत पाहिलं होतं. समोर उभं राहिल्यावर पायांकडेच लक्ष जातं. पावलं खाली लोंबलेली आहेत, जमिनीला न टेकलेली. महिनाभर चालून आलेली पावलं.

मी गोन्सालोंना शोधू लागले. आमच्या चर्चमध्ये ते एकटे, मध्यभागी, फुलांत. इथे सव्वीसमधले एक. भाच्याने पत्रकात बघून बोट दाखवलं आणि मी ओळीत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

त्या दिवशीचा वृत्तांत लिहून ठेवलेला आहे. टेकडीवर पोचल्यावर गोन्सालो सरळ एका क्रुसापाशी गेले आणि हा माझा का, असं विचारलं. नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांना दुसऱ्यापाशी नेलं. तिथे ते गुडघ्यांवर बसले आणि त्याला मिठी मारली. मी ही गोष्ट वर्गात सांगताना नेहमी मिठीवर भर द्यायचे. आज प्रश्न ऐकू आला. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रश्न विचारलेल्या माणसाने शेवटी स्वतःचा एक प्रश्न विचारला, आणि तो एवढाच होता.

शेजारी एक जपानी आजी जपमाळ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भाच्याला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, “त्या विचारतायत, इतक्या लांबून कोणासाठी आलात.”

तो उत्तर द्यायच्या आधीच मी शिल्पाकडे हात केला आणि म्हटलं, “गोन्सालो. वसई.”

“गोन्झारो,” आजी हळूच म्हणाल्या. मग दुसरा शब्दही सावकाश म्हणून पाहिला, “वा-सा-ई.” कोटाच्या खिशातून त्यांनी हात गरम ठेवायची एक कापडी पुडी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.