महाबळेश्वरचा गारठा, महाडचं ऊन आणि अंगावरचं जॅकेट

पुण्याहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, मुंबई-गोवा महामार्गाने महाड, मग वरंधा घाट चढून भोर आणि रात्रीपर्यंत घरी. बाइकवर घालायचं सामान नवं घेतलं असेल, तर ते पारखायला पुण्याजवळ याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. जानेवारीत सकाळी वाईच्या आसपास बोटं आखडतात आणि दुपारी महाडला घामाच्या धारा लागतात. मधे सहापदरी महामार्ग, अरुंद घाट, धुकं, धूळ, उसाच्या ट्रॉल्या, सगळं भेटतं.

माझ्या भाच्याने, ओंकारने, पहिल्या नोकरीच्या पगारातून बाइक घेतली. त्याच्या आईची अट होती की हायवेला पहिल्यांदा जायचं ते मावशीबरोबर. माझी अट अशी की आधी खरेदी माझ्यासमोर व्हायची. म्हणून निघायच्या आधीच्या शनिवारी आम्ही नाना पेठेत गेलो. गाडीचे सुटे भाग असोत की हेल्मेट, पुणेकर शेवटी तिथेच पोचतो.

ओंकारची नजर सरळ जॅकेटांकडे. मी त्याला हेल्मेटच्या फळीसमोर उभं केलं. भारतात विकायच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असावाच लागतो. २०२१ च्या जूनपासून ते सक्तीचं आहे. रस्त्याकडेला ताडपत्रीवर मांडलेल्या हेल्मेटवरही तसा स्टिकर दिसतो, म्हणून नुसत्या खुणेवर जाऊ नये. तिच्यासोबत बनवणाऱ्या कंपनीच्या परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहावं आणि बिल घ्यावं. बजेट वाढवता येत असेल तर ईसीई २२.०६ ची खूण असलेलं घ्यावं. या नव्या युरोपीय चाचणीत तिरका फटका बसून डोकं गर्रकन फिरतं, तेही तपासलं जातं. रस्त्यावर डोकं आपटतं ते बहुतेकदा असंच, तिरकं.

पण खूण कितीही मोठी असली तरी माप चुकलं की सगळं वाया. भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून घेर मोजायचा, त्या मापाचं फुलफेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, हेल्मेट घालायचं आणि दुकानातच पंधरा मिनिटं घालून बसायचं. गाल दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं, तर मोठं माप मागू नये, दुसऱ्या कंपनीचं हेल्मेट मागावं. डोक्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. शेवटी पट्टा लावून मागून पुढे उपसून पाहायचं. निघालं तर ते आपलं नव्हे.

दुकानदार काका म्हणाले, “ताई, दोन दिवसांत सैल होतं, मोठं कशाला हवं!” अगदी बरोबर बोलले. आतला स्पंज बसतोच, म्हणून नवं असताना घट्टच हवं.

हेल्मेटनंतर जॅकेट नाही. हातमोजे आणि बूट. माणूस पडताना आधी हात पुढे टाकतो, आणि गाडी आडवी होते ती घोट्यावर. हातमोज्याच्या तळव्याला चामडं, तळहाताच्या मुळाशी घसरपट्टीसारखा कडक तुकडा आणि मनगटाला आवळणारा पट्टा हवा. पट्टा लावून दुसऱ्या हाताने ओढून पाहा. जो मोजा ओढून निघतो, तो रस्त्यावरही निघतो. बुटाने घोटा पूर्ण झाकला पाहिजे आणि दोन हातांनी पिळला तर तळवा सहज वळता कामा नये. नाडी असेल तर ती आत खोचायची सोय हवी, नाहीतर गिअरच्या दांड्यात अडकते.

आता जॅकेट. कोपर, खांदे आणि पाठ यांच्या पॅडना युरोपीय मानकाप्रमाणे दोन श्रेणी आहेत. कोपर-खांद्याच्या पहिल्या श्रेणीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचा जोर शरीरात उतरू शकतो, दुसऱ्या श्रेणीतून २० पर्यंतच. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९. पॅड बाहेर काढून त्यावर १ लिहिलंय की २, ते वाचायचं. ओंकारला आवडलेल्या जॅकेटचा पाठीचा कप्पा उघडला, तर आत पातळ फोम. अनेक जॅकेटांत असंच असतं; फोम कपड्याचा आकार धरून ठेवतो, पाठीला त्याचा उपयोग नाही. खरा पाठीचा पॅड वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो आम्ही घेतला. कापडाच्या घासणीसाठी ए, एए, एएए अशा पायऱ्या असतात. लांबच्या प्रवासाला एए चांगलं.

मग बाइकवर बसल्यासारखे हात पुढे करायचे आणि कोपरावरचा पॅड दुसऱ्या हाताने फिरवून पाहायचा. तो कोपरावरून सरकला तर जॅकेट मोठं आहे. बायकांनी हे जास्तच बारकाईने पाहावं. पुरुषांच्या मापाचं लहान जॅकेट घेतलं तर खांदे उतरतात आणि कोपराचा पॅड मनगटाकडे जातो. सनकोट, स्कार्फ, लांब हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्या बायका पुण्यात शेकड्याने दिसतात, पण त्यांच्या मापाचं जॅकेट शोधायला मला अजून चार दुकानं पालथी घालावी लागतात. ते बदलायला हवं.

ओंकारला काळं, जाड, आत कायमचं अस्तर असलेलं जॅकेट हवं होतं. “मावशी, महाबळेश्वरला थंडी असते गं,” म्हणाला. मी त्याला जाळीचं घ्यायला लावलं. माझं म्हणणं एवढंच: जॅकेट निवडायचं ते दिवसातल्या सगळ्यात गरम तासासाठी. थंडी वाजली तर आत थर वाढवता येतो. उकडलं तर जाड जॅकेटचं काहीच करता येत नाही, ते अंगावरून उतरतं. आणि उतरलेलं जॅकेट कितीही उंची असलं तरी उपयोगाचं नाही.

रविवारी उजाडायच्या आत नवले पुलावर भेटलो. कात्रजचा नवा बोगदा पार करून खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ. ओंकारच्या अंगात जाळीचं जॅकेट, आत थर्मल आणि वरून वारा अडवणारं पातळ जर्किन. गारवा बारा अंशांच्या आसपास होता. या हवेत ताशी ७० ने गेलं की वाऱ्यामुळे अंगाला सात-आठ अंशांसारखं लागतं. जर्किनने वारा अडतो आणि जाळी असूनही ऊब राहते. गळ्याशी फट राहिली तर सगळी मेहनत फुकट, म्हणून मफलर नको, गळ्यात बसणारी कापडी नळी हवी. मफलरचं टोक सुटून फडफडतं, ते धोक्याचं.

चौपदरी-सहापदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. एवढ्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो, आणि तासाभराने माणूस दमतो तो त्यानेच. मी कानात फोमचे बोळे घालते. हॉर्न ऐकू येतात, फक्त वाऱ्याची गाज बसते. ओंकारने आधी नको म्हटलं, शिरवळला चहा घेताना मागून घेतले.

खंबाटकीत उसाने भरलेल्या ट्रॉल्या रांगेत चढत होत्या. जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. त्यांच्यामागून उडणारी चिपाडं आणि धूळ थेट काचेवर आदळते. गॉगल लावून अर्ध्या हेल्मेटने हायवेला निघणाऱ्यांनी या घाटात एकदा एखाद्या ट्रॉलीमागून चढून पाहावं.

सुरूरला महामार्ग सोडला, वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि पसरणी घाट लागला. पाचगणीच्या पुढे स्ट्रॉबेरीच्या शेतांवर धुकं होतं. इथे हेल्मेटची काच आतून धुरकटते आणि लोक ती उघडी टाकून, डोळ्यांतून पाणी गाळत गाडी चालवतात. यावर उपाय आहे: काचेच्या आत बसणारी पिनलॉकची दुसरी पारदर्शक पट्टी. दोन थरांमध्ये हवा कोंडली जाते, त्यामुळे आतला पृष्ठभाग गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. हेल्मेट घेतानाच काचेला त्यासाठी खुंट्या आहेत का, ते बघून ठेवावं. वेण्णा तलावाशी पोचेपर्यंत माझी काच स्वच्छ होती.

महाबळेश्वरच्या बाजारात आम्ही थांबलो नाही. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून आंबेनळी उतरायला लागलो. या घाटात दर काही वळणांनी हवा बदलते. वर करवंदीच्या जाळ्या आणि गार सावली, खाली पोलादपूरकडे दमट, चिकट हवा. अर्ध्या घाटात थांबून जर्किन आणि थर्मल काढून सॅडलबॅगेत टाकलं. दोन मिनिटांचं काम. जाड अस्तराचं जॅकेट असतं तर ओंकार इथेच अडकला असता.

पोलादपूर ते महाड हा महामार्गाचा तुकडा दुपारी एकला पार केला. डोक्यावर ऊन, खाली काँक्रीट. समोरून पाच-सहा जण चांगल्या मोठ्या बाइकवर गेले, सगळे टी-शर्टवर, महागडी जॅकेटं मागच्या सीटवर दोरीने बांधलेली. मला फार वाईट वाटलं. पैसे खर्च केले होते, विचारही केला होता, पण दुपारचा हिशोब धरला नव्हता. साधा टी-शर्ट काय, साधी जीन्सही डांबरावर घासली की जेमतेम सेकंदभर टिकते.

ओंकारही कुरकुरला. “मावशी, आता काढू का?” मी त्याला पेट्रोल पंपावर नेलं, टी-शर्ट ओला करून पिळायला लावला आणि त्यावर पुन्हा जाळीचं जॅकेट चढवायला सांगितलं. माठातलं पाणी ज्या रीतीने गार होतं, तीच रीत: जाळीतून वारा आत येतो, पाणी उडतं आणि अंग थंडावतं. उघड्या अंगाला गरम वारा लागला तर घाम कळायच्या आत उडून जातो आणि शरीर कोरडं पडतं. ओला कपडा आणि वर जॅकेट असलं की ते पुष्कळ लांबतं. पाऊणेक तास गारवा टिकतो, मग पुन्हा भिजवायचं. शिवाय तहान लागो न लागो, थांबलं की पाणी प्यायचं. महाडच्या पुढे त्याने जॅकेटचा विषय काढला नाही.

वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद करतात, इतर वेळीही काम चालू असतं, म्हणून निघायच्या आधी चौकशी केलेली बरी. रस्ता अरुंद, वळणावर खडी. वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्यांवर गरम भजी खाल्ली. समोर शिवथरघळीकडचं खोरं पसरलेलं. तिथे ओंकारने बूट काढून पाय मोकळे केले आणि म्हणाला, “हे दिवसभर जाणवले नाहीत.” बुटाबद्दल याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

नीरा देवघरच्या काठाकाठाने भोरला येईपर्यंत अंधार पडला. माझी काच साधी, पारदर्शक. धुरकट काळी काच दिवसा छान दिसते. रात्री भोर-कापूरहोळसारख्या बिनदिव्याच्या रस्त्यावर, समोरून अप्पर लावून गाड्या येत असताना तिच्यातून खड्डा दिसत नाही. काळी काच हवीच असेल तर पारदर्शक काच सोबत ठेवावी, किंवा आत उतरणारी गॉगलची पट्टी असलेलं हेल्मेट घ्यावं.

घरी आल्यावर ओंकारने सगळं कपाटात कोंबायला घेतलं, ते मी बाहेर काढायला लावलं. जॅकेटमधले पॅड काढून कापड हाताने, साध्या साबणाने धुवायचं. हेल्मेटच्या गालाच्या गाद्या सुट्या होतात, त्याही तशाच धुऊन सावलीत वाळवायच्या. काचेवर चिकटलेले किडे खरवडायचे नाहीत. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं की आपोआप सुटतात. पेट्रोल किंवा थिनर मात्र हेल्मेटला कुठेही लावू नये, त्याने काच आणि आतला थर्माकोलचा थर दोन्ही खराब होतात. आणि हेल्मेट आपटलं असेल, तर बाहेरून धड दिसत असलं तरी नवं घ्यायचं, कारण तो आतला थर दबतो तो एकदाच.