तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ट फ्लडने तो झेल सोडला का?

बेसबॉलचा विषय निघाला आणि मी कर्ट फ्लडचं, म्हणजे साठच्या दशकातल्या एका कृष्णवर्णीय सेंटर फिल्डरचं, नाव घेतलं की ठरलेला प्रश्न येतो. क्रिकेटवर वाढलेले मित्र तो विचारतात, अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईकही विचारतात. ‘ज्याने वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या) शेवटच्या सामन्यात झेल सोडला आणि जो सुप्रीम कोर्टात खटला हरला, त्याला एवढं डोक्यावर कशाला घेता?’ त्याला जोडून दुसरा प्रश्न: ‘हातात एवढा मोठा ग्लोव्ह असताना झेल सुटतोच कसा?’ दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि दर वेळी ते अपुरं पडतं. म्हणून या वेळी नीट लिहितो.

आधी ग्लोव्ह. आउटफिल्डरचा, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाचा, ग्लोव्ह साधारण बारा ते पावणेतेरा इंचांचा असतो. चेंडूचं वजन पाच ते सव्वापाच औंस, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो थोडा हलकाच असतो. ग्लोव्हमुळे चेंडू बोटांना लागत नाही आणि हात थोडा लांब होतो. बस. चेंडू पडणार तिथे पाय वेळेवर पोचले नाहीत, तर तो ग्लोव्ह कितीही मोठा असो, त्याचा काही उपयोग नाही. आउटफिल्डरचं काम पायांचं आणि डोळ्यांचं आहे. हातांचं काम सगळ्यात शेवटी येतं.

फ्लड त्या कामात किती चांगला होता? उंची पाच फूट नऊ इंच, वजन जेमतेम १६५ पौंड. १९५८ ते १९६९ अशी बारा वर्षं तो सेंट लुइस कार्डिनल्सकडे होता आणि १९६३ पासून सलग सात गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार, त्याने मिळवले. १९६६ च्या अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर एकही चूक नाही. आजूबाजूचे हंगाम धरले तर सलग २२६ सामने बिनचूक. बॅटिंगची कारकिर्दीतली सरासरी .२९३, म्हणजे दर दहा वेळांत जवळपास तीन हिट. पिचरांचं वर्ष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९६८ मध्येही त्याची सरासरी .३०१ होती. प्रश्न विचारणाऱ्यांना यातलं बरंचसं माहीत असतं, म्हणूनच ते त्या एका चेंडूवर बोट ठेवतात.

तर १० ऑक्टोबर १९६८. सेंट लुइसचं बुश स्टेडियम, सातवा सामना, समोर डेट्रॉइट टायगर्स. कार्डिनल्सचा पिचर (चेंडू टाकणारा) बॉब गिब्सन. त्या वर्षी दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.१२ धावा दिल्या होत्या. डेट्रॉइटचा पिचर मिकी लोलिच, फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर. सहा इनिंग संपल्या तेव्हा धावसंख्या ०-०. सातव्या इनिंगमध्ये दोन बॅटर बाद झाल्यावर नॉर्म कॅश आणि विली हॉर्टन यांनी एकेक सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा हिट) मारला. मग आला डावखुरा जिम नॉर्थरप. त्याने चेंडू सेंटर फिल्डकडे खणखणीत मारला. फ्लडने पाऊल पुढे टाकलं, मग त्याच्या लक्षात आलं की चेंडू मागे जातोय, तो वळला, ओल्या गवतावर पाय सरकला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. ट्रिपल, म्हणजे बॅटर तिसऱ्या बेसपर्यंत, आणि दोन धावा. पाठोपाठ बिल फ्रीहॅनच्या डबलवर नॉर्थरपचीही धाव झाली. सामना डेट्रॉइटने ४-१ असा जिंकला.

पूर्वी या प्रश्नाला मी ‘गवत ओलं होतं’ एवढंच उत्तर देत असे. ते खोटं नव्हतं, पण ते वकिली उत्तर होतं. पाय सरकला तो नंतर. त्याआधीचं पाऊल पुढे पडलं होतं, आणि ते का पडलं हे समजून घेतल्याशिवाय या चेंडूबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

सेंटर फिल्डर होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) साधारण तीनशे-सव्वातीनशे फुटांवर उभा असतो. बुश स्टेडियममध्ये मधली भिंत ४१४ फुटांवर होती. म्हणजे त्याच्या पाठीमागे सुमारे शंभर फूट रिकामं मैदान. सीमारेषेवर उभ्या असलेल्या लाँग ऑनच्या क्षेत्ररक्षकाच्या मागे असं रान नसतं. त्याला बहुतेक झेल पुढे किंवा बाजूला घ्यायचे असतात. सेंटर फिल्डरला दर चेंडूला पुढे की मागे हे ठरवावं लागतं, आणि तेही बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या सेकंदात.

बाजूला जाणारा चेंडू सोपा असतो, कारण त्याची उड्डाणरेषा तिरकी दिसते आणि खोली कळते. थेट अंगावर येणारा सगळ्यात अवघड. तो सुरुवातीला फक्त एक ठिपका असतो. ठिपका डावीकडे जात नाही, उजवीकडे जात नाही, फक्त किंचित वर सरकतो. त्याच वर्षी, १९६८ मध्येच, सेव्हिल चॅपमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने यामागचं गणित मांडलं. आपण उभे आहोत तिथेच चेंडू येणार असेल तर नजरेच्या कोनाचा टॅन्जंट एकसारख्या गतीने वाढत जातो. वाढ वेगावली तर चेंडू डोक्यावरून जाणार, मंदावली तर पुढे पडणार. उंच उडालेल्या चेंडूला हे तपासायला चार-पाच सेकंद मिळतात. सपाट, जोरात मारलेला चेंडू पहिल्या अर्ध्या सेकंदात एवढा थोडा वर येतो की दोन शक्यतांमधला फरक डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. त्यात बॅटने चेंडूच्या किंचित खालच्या बाजूला टोला दिला तर त्याला उलटी फिरकी मिळते आणि तो अपेक्षेपेक्षा जास्त वेळ हवेत राहतो.

म्हणून शिकवताना सांगतात की शंका आली तर पहिलं पाऊल मागे. धावायच्या बाजूचा पाय मागे टाकायचा, कंबर उघडायची, खांद्यावरून चेंडूवर नजर ठेवायची. मागे गेलेल्याला पुढे येणं सोपं असतं, पुढे गेलेल्याला मागे जाणं नाही. मग फ्लड पुढे का गेला? कारण हा नियम सर्वसाधारण आउटफिल्डरसाठी आहे. फ्लडसारखे लोक पुढे पडणारे झेल घेण्याची हिंमत करत म्हणूनच गोल्ड ग्लोव्ह मिळवत. दोन बाद असताना दुसऱ्या बेसवर धावपटू आहे, सामना ०-० आहे. चेंडू समोर टप्पा घेऊन पडला तर एक धाव नक्की. त्या क्षणी पुढे जाण्याला कारण होतं.

आता हिशेब करा. चांगला धावणारा खेळाडू सेकंदाला सुमारे सत्तावीस फूट जातो. चुकीच्या दिशेने एक पाऊल, थांबणं, वळणं यात अर्धा सेकंद गेला तर तेरा-चौदा फुटांचं नुकसान. पाय सरकला की आणखी. खिळ्यांचे बूट ओल्या गवतात एकदम दिशा बदलताना पकड सोडतात, कारण सगळं वजन एका पायाच्या कडेवर येतं.

आणि तांत्रिकदृष्ट्या तो सुटलेला झेल नव्हताच. चेंडू ग्लोव्हला लागलाच नाही. स्कोअरिंगच्या नियमांप्रमाणे अंदाज चुकणं ही क्षेत्ररक्षणाची चूक धरली जात नाही. नोंदवहीत तिथे नॉर्थरपचा ट्रिपल आहे, फ्लडची चूक नाही. पण मी या नियमाआड लपणार नाही. फ्लडने स्वतः दोष अंगावर घेतला. गिब्सनने तो त्याच्यावर टाकला नाही. शिवाय त्याच सामन्यात, सहाव्या इनिंगमध्ये, आधी लू ब्रॉक आणि मग फ्लड पहिल्या बेसवर असताना लोलिचने दोघांनाही टिपून बाद केलं होतं. मला विचाराल तर फ्लडच्या त्या दिवशीच्या खेळातली ती जास्त टाळता येण्याजोगी गोष्ट होती, पण त्याबद्दल मला कोणी विचारत नाही. कार्डिनल्सची एकमेव धाव नवव्या इनिंगमध्ये आली, दोन बाद झाल्यावर, माइक शॅननच्या होम रनवर. लोलिच तसा खेळत असताना एका झेलाने सामना वाचला असता, हे कशावरून?

आता खटला. ७ ऑक्टोबर १९६९ रोजी कार्डिनल्सने फ्लडला आणखी तिघांसह फिलाडेल्फियाच्या संघाला ट्रेड केलं, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत देऊन टाकलं. त्याला पहाटे फोनवरून कळवण्यात आलं. कराराच्या कलम १०(अ) प्रमाणे खेळाडूने सही केली नाही तर क्लब जुना करार एक वर्षासाठी वाढवू शकत असे. मालकांचं म्हणणं असं की वाढवलेल्या करारात ते कलमही आपोआप येतं, म्हणून वाढ कधीच संपत नाही. आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्यांना यात काय वावगं, असं वाटतं. तिथे खेळाडू स्वतः नाव नोंदवतो, कराराला शेवट असतो, संघ बदलायला त्याची संमती लागते. फ्लडकडे यातलं काहीच नव्हतं. २४ डिसेंबर १९६९ ला त्याने बेसबॉलचे कमिशनर (प्रमुख प्रशासक) बोवी कून यांना लिहिलं की बारा वर्षांनंतर आपण विकत घ्यायची-विकायची मालमत्ता आहोत असं आपल्याला वाटत नाही.

‘वर्षाला ९०,००० डॉलर मिळत होते, मग तक्रार कसली?’ हेही विचारलं जातं. कोवळ्या वयात दक्षिणेतल्या छोट्या लीगमध्ये खेळताना, दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्याचे घामेजलेले कपडे गोऱ्या सहकाऱ्यांच्या ढिगातून काठीने उचलून वेगळ्या धोबीखान्यात पाठवले गेले होते, आणि ते परत येईपर्यंत तो उघडा बसून होता. त्या माणसाला मालमत्ता म्हणजे काय हे रकमेवरून शिकवायची गरज नव्हती.

त्याची मागणी मान्य झाली नाही, म्हणून त्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. १९ जून १९७२ ला सुप्रीम कोर्टाने ५-३ असा निकाल त्याच्या विरोधात दिला. न्यायाधीश पॉवेल यांच्याकडे कार्डिनल्सच्या मालक कंपनीचे शेअर होते, म्हणून ते बाजूला राहिले. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून १९२२ पासून मिळालेली सूट विसंगत आहे हे कोर्टाने मान्य केलं आणि ती दुरुस्त करणं अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, सोडलं. खालच्या कोर्टातल्या सुनावणीत जॅकी रॉबिन्सन, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, साक्षीला आला. त्या काळात खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही.

जाणकार म्हणतात की फ्लडने पुढे पिचर अँडी मेसरस्मिथने केलं तसं करायला हवं होतं: सही न करता एक वर्ष खेळायचं आणि मग लवादाकडे जायचं. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी त्याच मार्गाने आलेल्या मेसरस्मिथ आणि मॅकनॅली यांना मोकळं केलं. पण तटस्थ लवादाची तरतूद खेळाडूंच्या करारात आली १९७० मध्ये. फ्लडने पत्र लिहिलं तेव्हा ती वाट अस्तित्वातच नव्हती. नॉर्थरपच्या चेंडूबद्दलही माझं हेच म्हणणं आहे: त्या क्षणी काय दिसत होतं ते धरून बोला.

एका ठिकाणी मात्र माझं माझ्याशीच अजून भांडण आहे. फिलाडेल्फियाने नोव्हेंबर १९७० मध्ये न खेळलेल्या फ्लडचे हक्क वॉशिंग्टन सेनेटर्सना दिले आणि १,१०,००० डॉलरवर तो १९७१ मध्ये परतला. तेरा सामने, ३५ वेळा बॅटिंग, ७ हिट. एप्रिल संपण्याआधीच तो संघ सोडून परदेशी निघून गेला. अख्खा हंगाम बाहेर राहिलेल्या तेहेतीस वर्षांच्या आउटफिल्डरचं पहिलं पाऊल तेरा सामन्यांत परत येत नाही. सरावातले उडवलेले झेल आणि खऱ्या बॅटरचा टोला यांत फार अंतर असतं. मे-जूनपर्यंत थांबला असता तर डोळा बसला असता, असं मला कधी वाटतं. मग वाटतं, खटला डोक्यावर, पैशांची ओढाताण, आणि खेळणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोणीही कोर्टात दिसलं नव्हतं. थांबायचं कुणाच्या भरवशावर? दोन्ही बाजू मला पटतात. यापुढे मला काही सांगता येत नाही.