सुबाभळीसाठी अटक

सुबाभळीला मिठी मारायची का, हा प्रश्न एका थंडगार रविवारी सकाळी नाशिकच्या तपोवनात निघाला आणि मग आमची निसर्गफेरी पुढे सरकेचना.

विचारणारा कॉलेजातला मुलगा, आणि विचारलं थेट सरांना. आमचे सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सुबाभळीच्या नावाने ते कायम बोटं मोडत आलेले: मध्य अमेरिकेतून आलेलं झाड, वाट्टेल तिथे उगवतं, बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाही. गिरिपुष्पावरही त्यांचा तेवढाच राग, तेही तिकडचंच म्हणून. आणि २०२५च्या नोव्हेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामापायी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं काढायचा प्रस्ताव आला, नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा "त्यात निम्मी झुडपंच आहेत हो" असंही कुणीकुणी म्हणू लागलं. वड, उंबर, चिंच यांच्यासाठी कोणीही गहिवरेल. सरांची खरी पंचाईत सुबाभळीने केली.

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मिठी नको. आडवं पडायला हरकत नाही."

म्हणजे झाडावर प्रेम असायलाच हवं असं नाही. ते पाडायचं कुणी, कधी आणि कुणाला विचारून ठरवलं, ते पटलं नाही तरी पुरे. मला हे फार आवडलं. प्रेमातून केलेल्या आंदोलनापेक्षा नावडत्या झाडासाठी केलेलं आंदोलन जास्त भरवशाचं वाटतं.

बँकेतून निवृत्त झालेले काका मात्र भडकले. "कायदा तो कायदा. उद्या जो तो आपापलं झाड धरून बसेल!" हे काका द्वारका चौकाच्या अलीकडे उलट्या दिशेने स्कूटर घालून वेळेवर पोचले होते, आणि ते त्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं. कायदा मोडण्यात आपण नाशिककर कुणाला हार जाणारे नाही. फक्त सिग्नल तोडणारा आधी मामा कुठे उभा आहे ते बघून घेतो. गांधींनी मिठाचा कायदा मोडण्याआधी खुद्द व्हाइसरॉयला पत्र पाठवून काय मोडणार आणि कधी, ते कळवलं. पकडलं जाण्याची एवढी तयारी असलेला गुन्हेगार पोलिसांनाही अवघडच जात असणार.

त्या पत्रावरची तारीख २ मार्च १९३०. आणि नेमक्या त्याच दिवशी, आम्ही उभे होतो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, पंचवटीत दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस होते. आम्हाला शाळेत दांडी तोंडपाठ, काळाराम एका ओळीत उरकलेला, आणि तोही नाशिकच्याच शाळेत.

मला विचाराल तर त्या दोहोंत काळाराम अवघड. देवळात पाऊल टाकू नका असं कलम इंग्रजांनी लिहिलेलं नव्हतं. आडवी होती ती रूढी, आणि तिचे राखणदार रोज बाजारात भेटणारी माणसं. सरकारशी भांडून तुरुंगात गेलं तर सुटल्यावर हार घालायला गाव येतं. भांडण गावाशीच असेल तर हार घालायचा कुणी? बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही चारी दरवाजांवर ठाण मांडून बसले, तर दरवाजेच महिनाभर बंद राहिले. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. त्याचे चटके खेडोपाडी पोचले: वाटा अडवल्या गेल्या, दुकानदार जिन्नस देईनात, पोरांना शाळेतून काढलं. तरी बाबासाहेबांचे इथले सहकारी दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या बरोबरीची माणसं पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा त्या दारांशी येत राहिली. १९३४च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्रातून स्पष्टच कळवलं, की मूर्तीची पूजा करायला मिळावी म्हणून हा लढा उभारलाच नव्हता. आपल्या माणसांत बळ यावं, आपली स्थिती त्यांना उमगावी, यासाठी तो होता. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

म्हणून फेरीतलं कुणीतरी उत्साहाने "आपलंही हे काळारामसारखंच" म्हणालं, तेव्हा मला ते खटकलं. आपल्याला संध्याकाळी दूध द्यायला कोणी नाही म्हणणार नाही.

शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी वेगळंच काढलं. त्याच १९३०मध्ये जंगल सत्याग्रह झाले. पुसदला लोकनायक अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून अटक ओढवून घेतली, चिरनेरला गोळीबार झाला, आपल्याकडे कळवणला लोक जंगलात शिरले. "तेव्हा कापणं हा गुन्हा होता, आता कापू न देणं," बाई म्हणाल्या. जंगल कुणाचं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. सरांना हे नवीन होतं. ते वहीत लिहून घेऊ लागले, तेव्हा वर्गातली जागा बदलल्यासारखे बाई उभ्या आणि सर बांधावर बसलेले.

या सगळ्या विचाराचा एक मूळपुरुष, अमेरिकेतला थोरो, हा आमच्याच जमातीतला. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही म्हणून १८४६च्या जुलैत तो तुरुंगात गेला. अटक झाली तेव्हा चांभाराकडून बूट आणायला निघाला होता. एक रात्र काढली, कुणीतरी परस्पर कर भरून टाकला, आणि सकाळी सुटल्यावर पठ्ठ्याने दुरुस्त झालेला बूट पायात घातला आणि वाट बघत असलेल्या मंडळींना घेऊन टेकडीवर गेला, रानफळं खुडायला. म्हणजे आपण करवंदांना जातो तसा. नुकताच सुटलेला कैदी निसर्गफेरीचा वाटाड्या! हे सांगितल्यावर काकासुद्धा हसले.

पण तो मुलगा हसला नाही. त्याचा प्रश्न अजून तसाच होता. "सर, उद्या रात्री मशीन आलं आणि मी पुढे उभा राहिलो, गुन्हा दाखल झाला, तर पुढे सरकारी नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनचं काय?"

यावर कोणी थोरो, कोणी गांधी काढला नाही, हे बरं झालं. ज्याचं पेन्शन सुरू आहे त्याने विशीतल्या मुलाला अटकेचा सल्ला देऊ नये असं माझं मत आहे. आडवं पडायचं तर पिकल्या केसांनी आधी पडावं. मी तसं म्हणाले. काकांनी लगेच गुडघ्यांचं कारण काढलं.

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. "ते नंतर. झाडं तोडायची तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने आधी लोकांकडून हरकती मागवाव्या लागतात. मागच्या वेळी इथल्या कितीजणांनी लेखी हरकत दिली होती?"

शाळेतल्या बाईंचा हात वर गेला. आणखी एक अर्धवट गेला, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचा तयार मजकूर पुढे ढकलला होता म्हणे. बाकीचे आम्ही एकदम चिंचेच्या सालीचं निरीक्षण करू लागलो.

मग हरकत लिहायची कशी, यावर पाऊण तास गेला. कुणाच्या नावे, पोच कुठे घ्यायची, आधारची झेरॉक्स जोडायची का. मुलाने मोबाईलवर मसुदा लिहायला घेतला आणि पहिल्याच झाडापाशी अडला. "सर, सुबाभळीचं शास्त्रीय नाव काय?"

"ल्युसीना ल्युकोसेफाला," सर म्हणाले. थोडं थांबून, नाइलाजाने त्यांनी स्पेलिंगही सांगितलं.