केंटकीला नकोसा झालेला घोडा

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एक दृश्य माझ्या मनात कायमचे ठसले. चितोसे विमानतळाच्या आसपासच्या गावांमधून जाताना रस्त्याच्या कडेने मैलोन्‌मैल कुंपणे लागतात आणि त्यांच्याआड, अंगावर झूल घातलेले घोडे बर्फात शांतपणे उभे असतात. कार्यालयातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना मी त्यांच्याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ही बहुतेक सगळी संडेची नातवंडे-पतवंडे.” आपल्याकडे, निदान माझ्या घरी, महालक्ष्मीच्या रेसकोर्सचे नाव निघाले की पाठोपाठ ‘रेसचा नाद’ हे शब्द येत आणि त्या बोलण्यात घोडा कुठेच नसे. इथे मात्र एका घोड्याविषयी घराण्याच्या मूळ पुरुषाविषयी बोलावे तसे बोलले जात होते. म्हणून मी संडे सायलेन्सची हकीकत मुळापासून समजून घ्यायचे ठरवले.

हा घोडा जपानी नव्हे. 25 मार्च 1986 रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावाजवळच्या स्टोन फार्मवर तो जन्मला. त्याचा बाप हेलो तापट स्वभावासाठी कुप्रसिद्ध होता आणि आई विशिंग वेल हिचे घराणे फारसे नावाजलेले नव्हते. शिंगरू असताना एका विषाणुजन्य आजारातून तो कसाबसा वाचला. त्याच्या मागच्या पायांची ठेवण सदोष होती, त्यामुळे लिलावात कोणी त्याला पुरेशी किंमत देईना, आणि फार्मचे मालक आर्थर हँकॉक यांना तो स्वतःच परत घ्यावा लागला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील लिलावातही तसेच घडले आणि तेथून परतताना चालकाला हृदयविकाराचा झटका येऊन घोड्यांची गाडी उलटली. त्या अपघातातूनही तो बचावला.

असा घोडा चार्ली व्हिटिंगहॅम या अनुभवी प्रशिक्षकाच्या हाती पडला आणि 1989 साली त्याने केंटकी डर्बी ही अमेरिकेतील सर्वांत मानाची शर्यत जिंकली. पाठोपाठच्या प्रीकनेस शर्यतीत तो आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी घोडा ईझी गोअर हे दोघे शेवटच्या वळणापासून खांद्याला खांदा लावून धावले आणि संडे सायलेन्स केवळ नाकभर अंतराने पुढे राहिला. बेलमाँटमध्ये ईझी गोअरने त्याला घोड्याच्या आठ लांबींइतक्या अंतराने हरवले; पण वर्षअखेरीच्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये त्याने त्याच प्रतिस्पर्ध्याला पुन्हा मागे टाकले. एकूण 14 शर्यतींत 9 विजय आणि उरलेल्या पाचही शर्यतींत दुसरा क्रमांक, एवढी त्याची कामगिरी आहे.

इतके करूनही पैदाशीसाठी त्याचे हिस्से विकायला काढले, तेव्हा केंटकीत ते घ्यायला फारसे कोणी पुढे आले नाही. होक्काइदोतील शादाई फार्मचे झेन्या योशिदा यांनी आधीच त्याचा एक चतुर्थांश हिस्सा घेतला होता. त्यांनी अख्खा घोडाच घेतला. हा व्यवहार सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर्सचा झाल्याचे सांगतात. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगराची नोंदच होत नाही, त्यामुळे घोड्याचे रक्त हवे असेल तर एकतर घोडा देशात आणावा लागतो किंवा माद्या त्याच्याकडे पाठवाव्या लागतात, ही गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी.

अमेरिकेने अज्ञानापोटी रत्न गमावले, असे या प्रसंगाबद्दल नेहमी म्हटले जाते. मला ते पूर्ण पटत नाही. आईचे घराणे पाहून सावध राहणे हा पैदाशीच्या धंद्यातला जुना आणि रास्त शिरस्ता आहे. माझ्या मते खरे श्रेय होक्काइदोतील तयारीचे आहे. योशिदांनी 1972 साली अमेरिकेतून विकत घेतलेला नॉर्दर्न टेस्ट हा नॉर्दर्न डान्सर या विख्यात घोड्याचा मुलगा जपानमध्ये वर्षानुवर्षे अव्वल पैदाशी घोडा (ज्याची संतती वर्षभरात सर्वाधिक बक्षीसरक्कम मिळवते तो) ठरला होता आणि त्याच्या उत्तम लेकी इथल्या पागांमध्ये होत्या. संडे सायलेन्सच्या अंगात नॉर्दर्न डान्सरचे रक्त नव्हते, त्यामुळे त्या माद्यांशी त्याची जोडी निर्वेध जमवता येत होती. त्याची पहिली शिंगरे 1994 साली धावू लागली आणि पुढच्याच वर्षी त्यांतल्या तायासु त्सुयोशीने जपानी डर्बी जिंकली. ते पाहायला झेन्या योशिदा मात्र नव्हते. 1993 साली त्यांचे निधन झाले होते. मला या हकीकतीतील सर्वांत हळवी जागा हीच वाटते.

1995 ते 2007 अशी सलग 13 वर्षे तो जपानचा अव्वल पैदाशी घोडा राहिला. 19 ऑगस्ट 2002 रोजी, खुरांच्या दाहाने झुंजत असताना, तो गेला. त्याच वर्षी 25 मार्चला, म्हणजे बापाच्याच जन्मतारखेला, डीप इम्पॅक्ट जन्मला होता. 2005 साली त्याने एकही शर्यत न हरता जपानचा तिहेरी मुकुट, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मानाच्या शर्यती जिंकण्याचा मान, मिळवला. मायदेशात त्याला हरवणारा एकमेव घोडा हार्ट्स क्राय, आणि तोही संडे सायलेन्सचाच मुलगा.

या यशातून एक अडचणही उभी राहिली. देशभरातल्या घोड्यांमध्ये एकाच पूर्वजाचे रक्त इतके पसरले की सोयरिकीसाठी परकी घराणी शोधावी लागली. काही पिढ्या मध्ये गेल्यावर तेच रक्त दोन्ही बाजूंनी जपून एकत्र आणले जाऊ लागले; 2020 साली घोड्यांच्या मादींचा तिहेरी मुकुट जिंकणारी डेअरिंग टॅक्ट अशाच जुळणीतून आली. दुसरीकडे आयर्लंडमधून गॅलिलिओ या नामांकित पैदाशी घोड्याच्या लेकी डीप इम्पॅक्टकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांपैकी ऱ्होडोडेंड्रॉनचा मुलगा ऑगस्ट रोडँ याने 2023 साली एप्समची डर्बी जिंकली.

नोव्हेंबर 2025 मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे फॉरेव्हर यंग हा जपानी घोडा ब्रीडर्स कप क्लासिक जिंकला. कोणत्याही जपानी घोड्याने ती शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याचा बाप रिअल स्टील, आजा डीप इम्पॅक्ट आणि पणजा संडे सायलेन्स, ज्याने 1989 साली हीच शर्यत जिंकली होती. दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्यांनी वर्तमानपत्राचे पान माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि वंशावळीच्या चौकटीतील पणजाच्या नावावर बोट ठेवले.